तवा आणि त्राटक

"माझी थीम गेली," असं इंदूने सोमवारी सकाळी सांगितलं तेव्हा कारखान्यात कोणाच्या कपाळाला साधी आठीसुद्धा पडली नाही. थीम म्हणजे काय, तर कॉम्प्युटरच्या अंगावरचे कपडे. मागे डोंगराचं चित्र की समुद्राचं, खिडक्यांच्या कडा निळ्या की करड्या. एक गेली तर दुसरी लावावी. एवढ्यासाठी कोणी मालकाच्या केबिनचं दार वाजवत नाही. इंदुमती बोद्दुलने मात्र ते वाजवलं, आणि चांगलं जोरात वाजवलं.

ही गोष्ट सोलापुरातली, अक्कलकोट रस्त्यावरच्या एका जकार्ड, म्हणजे नक्षीच्या विणीच्या, कारखान्यातली. काळ फार लांबचा नाही. चादरी अजून विणल्या जातात, माग अजून खडखडतात, फक्त वीज आता मोजून मिळते. ठरलेल्या मर्यादेच्या वर एक युनिट ओढलं की सगळे माग दोन तास बंद. या कारखान्यात इंदू एकोणीस वर्षं ग्राफ काढत होती. चादरीवर मोर असो, वेल असो नाहीतर देवळाचं शिखर, ते आधी पडद्यावर चौकटी भरून काढावं लागतं. एक चौकट म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक भेट. माग त्या चौकटी वाचतो आणि त्याप्रमाणे धागे उचलतो, म्हणून चौकट चुकली की चादर चुकते.

आता इंदूच्या डोळ्यांविषयी सांगायला हवं. तिची बुबुळं जन्मापासून हलतात. डावीकडून उजवीकडे, बारीक, सेकंदाला तीन-चार वेळा, आणि तिला न विचारता. डॉक्टर त्याला निस्टॅग्मस म्हणतात. शाळेतल्या मुली तिला 'लंबक' म्हणायच्या. मान डावीकडे जराशी कलती केली की ते हलणं पुष्कळ कमी होतं, म्हणून ती सगळ्या जगाकडे तिरकं बघते आणि नव्या माणसाला वाटतं, बाई संशयी आहे. तशी ती थोडी आहेही.

फिकट अक्षरं आणि बारीक रेघा तिला दिसत नाहीत. त्यावर तिने स्वतःच उपाय शोधला होता. कारखान्यातल्या कॉम्प्युटरांवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, कारण ते फुकट मिळतं आणि मालकांना फुकटाचं वावडं नव्हतं. इंदूला ते आवडायचं वेगळ्या कारणाने. त्यात कुठलीही फाईल उघडावी, आतला आकडा बदलावा आणि पडदा आपल्याला हवा तसा करून घ्यावा. अकरा वर्षं खपून तिने आपली थीम घडवली होती. काळीकुट्ट पार्श्वभूमी, जाड पिवळी अक्षरं, प्रत्येक खिडकीला बोटभर कड, तळहाताएवढा बाण. तिचं नाव तिने ठेवलं होतं 'तवा'.

रविवारी पुण्याहून माणूस येऊन ग्राफ विभागातल्या चारही मशीनमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर टाकून गेला. ड्रायव्हर म्हणजे कार्डाला कामं सांगणारा मुकादम. या मुकादमाचं नाव होतं 'त्राटक'. सोमवारी इंदूने पासवर्ड टाकला, क्षणभर तवा दिसला आणि तिच्या डोळ्यांदेखत पांढुरका होत गेला. कडा विरल्या, अक्षरं राखाडी झाली, बाण मुंगीएवढा उरला.

"मालक, मला दिसंना झालंय," ती केबिनमध्ये शिरत म्हणाली.

मडेप्पा बिराजदार साठीचे, मनाने भले आणि स्वभावाने भित्रे. ते घाईने उठले. "डोळ्याला काय झालं अक्का? दवाखान्यात जायचं का?"

"डोळ्याला काय व्हायचंय? तो आहे तसाच आहे. मशीनला झालंय. कुणी घातलंय हे भूत, त्याला फोन लावा."

फोनवर चैतन्य नाफडे आला. त्राटक बनवणाऱ्या कंपनीचा मदतनीस अभियंता. आवाज इतका मऊ की त्यावर रागावायलाही लाज वाटावी.

"मॅडम, खरं सांगायचं तर थीम ही कल्पनाच आता मागे पडली आहे," तो म्हणाला. "कार्ड तुमच्या डोळ्यांकडे बघतं आणि तुम्हाला काय सुखाचं वाटेल ते स्वतः ठरवतं."

"मला काय सुखाचं वाटतं ते मी फाईलमध्ये लिहून ठेवलंय की."

"फाईल वाचतं ते. पण डोळ्यांवर त्याचा विश्वास जास्त आहे."

नाफडेने मग जे समजावलं ते मुळात चुकीचं नव्हतं. हात लांब करून अंगठा समोर धरा. अंगठ्याच्या नखाएवढा भागच माणसाचा डोळा एका वेळी स्पष्ट बघतो. बाकी सगळं धूसर असतं. मेंदू अंदाजाने ते भरून काढतो आणि आपल्याला वाटतं, आपण सगळंच स्वच्छ बघतोय. मग कार्डाने तरी सगळा पडदा बारकाईने कशाला रंगवावा? त्राटक पडद्याच्या वरच्या कडेला बसवलेल्या भिंगातून सेकंदाला हजार वेळा बुबुळ कुठे वळलंय ते पाहतं, तेवढीच जागा नीट रंगवतं, आणि बाकीची जागा शेजारी काय आहे त्यावरून अंदाजाने भरून टाकतं. दहा भाग विजेतली सात भाग वाचते. असं मशीन लावणाऱ्या कारखान्याला विजेची सवलत मिळत होती, आणि सवलतीवर बिराजदारांचे दोन माग जास्तीचे चालत होते.

हा हिशेब स्थिर डोळ्यांचा होता. इंदूचं बुबुळ उजवीकडे गेलं की त्राटक उजवीकडे धावायचं. तिथे रंगवून होईपर्यंत बुबुळ डावीकडे. ती जिथे बघेल तिथे नेमका अंदाजच असायचा.

दुसरी भानगड संध्याकाळी कळली. त्राटक रोज मालकांना नजरेचा अहवाल पाठवत होतं. चालक किती वेळ मशीनवर होता, लक्ष किती होतं. हजेरीसुद्धा त्यावरच लागायची. शेजारच्या टेबलावरच्या नसीम बागवानला शंभरात चौऱ्याण्णव. इंदूला अकरा, आणि खाली शेरा: 'लक्ष अस्थिर. या कामास अयोग्य.'

"आता हे वर सवलतवाल्यांकडंही जातंय, अक्का," बिराजदार तिच्याकडे न बघता म्हणाले. "दिवाळीच्या आत जमलं तर बरं. न्हाई तर घडी विभागात जागा आहे. पगार तोच. मी सांभाळून घेईन."

घडी विभाग म्हणजे तयार चादरींच्या घड्या घालून पिशवीत भरणं. इंदूने त्यांचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. "मला सांभाळायची गरज नाही," ती म्हणाली. "मशीन दुरुस्त करायची आहे." आणि ती आपल्या जागेवर येऊन बसली.

दुरुस्तीची तिची एक रीत होती. आधी वरचं तपासायचं, मग एकेक पायरी खाली उतरायचं. थीमची फाईल तिने पुन्हा बसवली. तवा क्षणभर आला आणि गेला. साठून राहिलेल्या जुन्या खुणा पुसल्या, तेच. फाईल वाचायची परवानगी आहे का पाहिलं, होती. मशीनवर नव्या नावाचं खातं उघडलं, अगदी कोरं. तेही पांढुरकं झालं. म्हणजे दोष थीममध्ये नव्हता, तिच्या खात्यात नव्हता, त्याहून खाली कुठेतरी होता. हे सगळं तिने हातातल्या भिंगातून, नाक पडद्याला टेकवून, चार दिवसांत केलं. या चार दिवसांत तिचा एकही ग्राफ झाला नाही.

पाचव्या दिवशी तिने नसीमला हाक मारली. "जरा माझ्या खुर्चीत बस गं."

नसीम अडतिशीची, बोलकी. रंग जुळवण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता आणि ग्राफ ती इंदूकडूनच शिकली होती. "कशाला, अक्का? जादू करायलीस का?"

"बस तर."

नसीम बसली. अर्ध्या मिनिटात पडदा लखलखीत झाला. अक्षरं टोकदार, रेघा सुरेख. "अगं, झालं की नीट!" नसीम आनंदाने ओरडली आणि इंदूकडे वळली. काय झालं होतं ते तिच्याही लक्षात आलं. दुरुस्ती करताना एकेक भाग बदलून बघतात, आणि इंदूने शेवटी माणूस बदलून पाहिला होता. मशीन ठणठणीत होतं.

इंदूला रडू आलं नाही, संताप आला. तिने नसीमला उठवलं आणि मशीनची नोंदवही उघडली. लिनक्समध्ये प्रत्येक भाग आपण काय केलं ते गुपचूप लिहून ठेवत असतो. अक्षरं हाताएवढी मोठी करून तिने एकेक ओळ वाचली. तीच ओळ दर चार सेकंदांनी होती. 'नजर अस्थिर. चालक थकलेला किंवा अस्वस्थ. पडदा सौम्य केला.'

"थकलेली!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की मागवाला आत डोकावून गेला. "शेहेचाळीस वर्षं थकलेली आहे होय मी? जन्मल्या दिवसापासून?"

तिने नाफडेला लिहिलं. उत्तर आलं की चालकाने पुरेशी झोप घ्यावी आणि पाणी भरपूर प्यावं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात दुपारनंतर माग थांबतात, पुसले जातात आणि प्रत्येक जण आपापल्या यंत्राची पूजा करतो. ग्राफ विभागातही तीच पद्धत. पडदा पुसायचा, झेंडूची माळ घालायची, वरच्या कडेला बोटाने हळदकुंकू लावायचं. नसीमसुद्धा आपल्या मशीनला माळ घालते. तिच्या वडिलांनीही याच कारखान्यात मागाला घातली होती. यंदा कंपनीकडून सूचना आली होती की पूजेत भिंगाला काही लावू नये. सूचना पडद्यावर आली होती, फिकट राखाडी अक्षरांत, त्यामुळे ती बाकी सगळ्यांनी वाचली तरी इंदूला दिसलीच नाही. इतरांनी कडेच्या कोपऱ्यात बारीकशी टिकली लावली. इंदूने आपल्या नेहमीच्या रीतीने कडेच्या बरोबर मध्यावर, माणसाच्या कपाळाला लावावं तसं, पाण्यात कालवलेलं कुंकू बोटभर लावलं आणि हात जोडले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर आली आणि मशीन चालू करून, डबा ठेवायला वळली. परत बघते तर समोर तवा.

ती उभीच राहिली. काळं, पिवळं, बोटभर कडा, तळहाताएवढा बाण, सगळं जागच्या जागी. तिने कशालाही हात लावला नव्हता. तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर तुंबलेला मोराचा ग्राफ उघडला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्धा संपवला. नऊ दिवसांची भूक होती. दुपारी, भाकरी खाताखाता, तिला शोध घ्यायचं सुचलं. नोंदवहीत सकाळपासून एकच ओळ होती: 'डोळा सापडला नाही. संपूर्ण पडदा रंगवत आहे.'

तिने मान वर करून पाहिलं. भिंगावर कुंकू वाळून घट्ट बसलं होतं.

म्हणजे त्राटकाला डोळा दिसला की ते शहाणपणा करायचं. दिसला नाही की मुकाट्याने फाईल वाचायचं, सांगितलेली थीम लावायचं आणि सगळा पडदा नीट रंगवायचं. जुन्या मुकादमांसारखं. इंदूला ते कुठे लिहिलंय तेही मग सापडलं. मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाईलमध्ये एक ओळ घातली की त्राटकाचा बघणारा भाग उठतच नव्हता. तिने ती ओळ घातली, ओल्या फडक्याने भिंग स्वच्छ पुसलं, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. तवा आला आणि राहिला. ती नसीमच्या पाठीत एक धपाटा घालून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिराजदार तिच्या टेबलापाशी आले. "अक्का, काल तुम्ही आला न्हाई म्हणे."

"काल तुमच्यासमोर दोनदा चहा प्याले की मी."

"ते मला माहीत आहे. पण अहवालात गैरहजर आहे. वर गेलाय तो."

पुन्हा नाफडे. पुन्हा तो मऊ आवाज. "मॅडम, यंत्रणेच्या दृष्टीने डोळा म्हणजेच चालक. डोळा सापडला नाही तर खुर्चीत कोणी नाही असंच धरलं जातं. आणि बघणारा भाग बंद असताना मालकांनी तुम्हाला हजर लिहिलं तर त्या मशीनची सवलत जाते. आमच्या हातात काही नाही."

"म्हणजे मला दिसायचं असेल तर मी गैरहजर," इंदू म्हणाली, "आणि हजर राहायचं असेल तर आंधळी. असंच ना?"

"मी त्या शब्दांत मांडलं नसतं."

"तुम्ही नसतं मांडलं. मी मांडलं."

बिराजदारांनी रुमालाने मान पुसली. हैदराबादच्या एका हॉटेलाची मोठी मागणी आली होती, चादरीवर वेलींची जाळी हवी होती, दिवाळीआधी. असं काम आजवर इंदूशिवाय कोणाकडे गेलं नव्हतं. "हे काम नसीमला देतो," ते म्हणाले. "मुख्य खुर्चीही तिलाच. तुम्ही एक तारखेपासून घडीला या. मन घट्ट करा."

"मी घडीला जाणार नाही," इंदू म्हणाली. "मी रोज नऊ वाजता येणार, इथंच बसणार, तवा लावून ग्राफ काढणार. तुमच्या यंत्राला मी दिसत नसेन तर तो त्याच्या डोळ्यांचा प्रश्न आहे."

आणि ती तशी येत राहिली. रोज नऊला यायची, साडेपाचला जायची, आणि रोज अहवालात गैरहजर लागायची. तुंबलेले ग्राफ तिने एकेक करून हातावेगळे केले. मागवाले ते घेऊन जात आणि विणत. मालक दारातून बघत आणि निघून जात. नसीम मुख्य खुर्चीत बसली होती आणि तिला इंदूकडे मान वळवून बघवत नव्हतं. जेवताना दोघींचे डबे आता वेगवेगळ्या बाकांवर उघडत.

सहाव्या दिवशी इंदूने सामायिक फोल्डरमधून नसीमचा वेलीचा ग्राफ उघडला. चोरून नव्हे; तिथे सगळे सगळ्यांचं बघतात. मग तिने ग्राफवाल्यांची जुनी तपासणी केली. खुर्ची सहा पावलं मागे न्यायची, डोळे अर्धे मिटायचे आणि सगळा ग्राफ एकदम बघायचा. नक्षीचा एक तुकडा चादरभर पुन्हा पुन्हा येतो. तुकडा तुकड्याला जिथे जोडला जातो तिथे एखादी रांग जास्त पडली तर जवळून ती कोणालाच कळत नाही, एक चौकट ती काय असणार. पण लांबून, अर्धमिटल्या डोळ्यांनी, चादरीवर उभे पट्टे पडलेले दिसतात. इंदूला पट्टे दिसले.

ती उठून नसीमजवळ गेली. "वेलीला पट्टा पडतोय गं. जोडावर एक रांग जास्त आहे."

नसीमने आपल्या पडद्यावर पाहिलं. मागे जाऊन पाहिलं, डोळे अर्धे मिटून पाहिलं. तिच्या पडद्यावर वेल एकसारखी, अखंड, कुठेही ओरखडा नाही. "कुठाय पट्टा? मला तर काहीच दिसंना."

"माझ्या पडद्यावर येऊन बघ."

नसीमचा चेहरा लाल झाला. सहा दिवस मनात साचलेलं सगळं वर आलं. "अक्का, खुर्ची मी मागितली नव्हती. मालकांनी दिली. तुला दिसत नाही म्हणून दिली. आता तुलाच तेवढं दिसतंय, आम्ही सगळे आंधळे, असं म्हणायलीस होय?"

"खुर्चीचं नाव मी घेतलं का?"

"घ्यायला कशाला पाहिजे? रोज तिथं बसून सगळ्यांना दाखवतीस की."

ते ऐकून इंदूला लागलं, खोल लागलं. पण ती वळून गेली नाही. "मला राग आहे," ती म्हणाली, "आणि तो तुझ्यावर पण आहे, खोटं कशाला बोलू. तरी पट्टा आहे तो आहेच." मग ती आपल्या जागेवर गेली. ग्राफ त्याच दुपारी मागावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या चाळीस चादरी धुऊन अंगणात दोरीवर घातल्या. उन्हात त्या फडफडल्या आणि फाटकातून आत येणाऱ्या नसीमला लांबूनच दिसल्या. प्रत्येक चादरीवर, वीतवीतभर अंतराने, वरपासून खालपर्यंत पट्टे होते. ती तिथेच थांबली. मग जवळ गेली, चादर हातात घेतली, पट्टा नाहीसा झाला. पुन्हा मागे गेली, पुन्हा आला.

ती आत आली तेव्हा मालक इंदूच्या टेबलापाशी होते आणि फोनवर नाफडे होता. नसीम सरळ फोनजवळ वाकली. "साहेब, मी दहादा लांबून बघितला ग्राफ. पट्टा नव्हता. चादरीवर आहे. हे कसं काय, ते सांगा."

"तुम्ही जिथे थेट बघत नव्हता तो भाग त्राटकाने अंदाजाने भरला असणार," नाफडे म्हणाला. "नक्षी पुन्हा पुन्हा येतेय हे त्याने ओळखलं आणि पुढेही ती तशीच असेल असं धरलं. साधारणपणे ते बरोबरच असतं."

"म्हणजे चूक जिथं असेल तिथंच ती झाकली," इंदू म्हणाली.

"झाकली असं नाही... न रंगवलेली राहिली." मग त्याच्या आवाजात पहिल्यांदा जरा जीव आला. "मॅडम, एक सुचवतो. तुमच्या डोळ्यांची महिनाभराची नोंद आम्हाला घेऊ द्या. तुमच्यासारख्या डोळ्यांसाठी आम्ही वेगळी रचना करू. पुढच्या वर्षी ती सगळ्यांना मिळेल. तुमचं नावही देऊ."

मालकांचा चेहरा उजळला. "बघा अक्का, मार्ग निघाला!"

मोह इंदूला झाला नाही असं नाही. देशात तिच्यासारखी हलणारी बुबुळं किती तरी असतील. पण वेगळी रचना म्हणजे पुन्हा एक डोळा बघणार, पुन्हा ठरवणार, पुन्हा गुण देणार. आज हलणाऱ्या बुबुळांचं होईल, उद्या एका डोळ्याने बघणाऱ्याचं काय, आणि नसीमचे डोळे तर सरळ होते, तरी तिला पट्टा दिसला नव्हता.

"मला वेगळी रचना नको," ती म्हणाली. "बघणारा भाग बंद करायचं बटण द्या. सगळ्यांना द्या. आणि ते बंद केलं तरी खुर्चीतल्या बाईला हजर धरा. एवढंच करा, नाव देऊ नका."

"ते धोरणात बसत नाही, मॅडम."

"मग आम्ही धोरणात बसत नाही."

नसीम इतका वेळ खाली बघत होती. ती आपल्या मशीनपाशी गेली, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "अक्का, ती ओळ सांग."

"कुठली?"

"बघणारा भाग बंद करायची. सावकाश सांग, मला ते फाईलीतलं टायपिंग जमत नाही."

"तू गैरहजर लागशील," इंदू म्हणाली. "मुख्य खुर्ची आहे तुझ्याकडं. विचार कर."

"पट्टे पाडत हजर राहू का मग? सांग ओळ."

इंदू तिच्या मागे उभी राहिली आणि एकेक अक्षर सांगू लागली. नसीम एका बोटाने ते उमटवत गेली. फोन चालूच होता, नाफडे सगळं ऐकत होता. मशीन बंद झालं, चालू झालं. नसीमच्या पडद्यावर तिची स्वतःची जुनी थीम आली, गुलाबी, फुलाफुलांची, इंदूला कधीच न आवडलेली. नसीमने वेलीचा ग्राफ उघडला, खुर्ची सहा पावलं मागे सरकवली आणि डोळे अर्धे मिटले.

"आहे," ती हळूच म्हणाली. "अक्का, पट्टा आहे. तू म्हणत होतीस तिथंच."

"मग काढ ती रांग. हॉटेलवाले थांबलेत."

बिराजदारांच्या हातातला टॅब वाजला. दोन चालक गैरहजर. मालकाने कारण लिहावे, असं म्हणून एक रिकामी चौकट पुढे आली. त्यांनी ती पाहिली आणि घाम पुसला. "मी इथं हजर असं लिहिलं तर दोन मशीनची सवलत जाते," ते म्हणाले. "मर्यादा ओलांडली जाईल. रोज दोन तास सगळे माग बंद पडतील. आणि न्हाई लिहिलं तर तुम्ही दोघी... अक्का, मी काय करू?"

"माग दोन तास बंद ठेवा," इंदू म्हणाली. "चाळीस चादरी बाहेर वाळत आहेत, त्या किती तासांच्या होत्या?"

मालकांनी खिडकीतून अंगणाकडे पाहिलं. उन्हात पट्टे इतके स्वच्छ दिसत होते की त्यांनी मान फिरवली. टॅब घेऊन ते दोघींच्या टेबलांच्या मधे येऊन उभे राहिले. इंदू तोवर आपल्या खुर्चीत बसली होती, मान डावीकडे कलती करून, आणि मोराची शेपटी भरायला लागली होती. नसीम रांग पुसत होती.

"पण शेरा काय लिहू?" बिराजदारांनी विचारलं. आता त्यांचा आवाज विनवणीचा नव्हता, नुसता विचारण्याचा होता. "नेमकं काय लिहू, ते तरी सांगा."

इंदूने पडद्यावरून नजर काढली नाही.

"दिसतंय ते लिहा, मालक."

बिराजदारांनी चष्मा वर सरकवला. एकदा इंदूकडे नीट पाहिलं, एकदा नसीमकडे, आणि लिहायला लागले.